डावी बाजू

बालाघाट शहरातल्या निम्म्या माणसांना डॉक्टर वसंता रामटेके यांनी एकदा तरी भूल दिलेली होती, आणि तरी बाजारात त्यांना ओळखणारे फार थोडे. भूल देणाऱ्याचं असंच असतं. ओळख होण्याआधी माणूस झोपतो, आणि शुद्धीवर आला की सर्जनचं नाव विचारतो. रामटेके सरांना त्याची खंत नव्हती. किरनापूरकडच्या एका खेड्यात ते वाढले, नागपुरात शिकले, सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, आणि आता शहरातले खाजगी दवाखाने बोलावतील तसे जात. स्वभाव सावध. ज्या ऑपरेशनला थांबता येतं ते थांबवावं, अशा मताचे. सर्जन लोक त्यावरून मागे कुरकुर करत, पण स्वतःच्या घरचं माणूस टेबलावर घ्यायची वेळ आली की त्यांनाच फोन लावत.

अलीकडे त्यांना सगळ्यात जास्त फोन येई तो प्रियंका तुरकरचा. लहान मुलांची सर्जन, इथलीच पोरगी. जबलपूरला शिकली तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की ही आता रायपूर-नागपूर सोडून इकडे कशाला येते. ती आली. घरी आजीशी बोलण्यापुरती मराठी येत होती तिला, पण लांबलचक काही सांगायचं झालं की दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरायची. वयानं सरांच्या मुलीपेक्षाही लहान. सर तिला एकेरी हाक मारत आणि ती त्यांना नेमानं ‘सर’ म्हणे.

त्या दिवशी सकाळचं हर्नियाचं काम आटोपून सर हात धूत होते. डोक्यात घरची भाजी-भाकरी होती. तेवढ्यात प्रियंका वॉर्डातून आली. ती धावत नव्हती, पण ज्या पद्धतीनं चालत होती ते पाहून सरांनी नळ बंद केला.

“सर, टॉर्शन है. कालचं बाळ. उजवी बाजू.”

बाळ याच दवाखान्यात आदल्या दिवशी जन्मलेलं होतं. मुलांचे डॉक्टर अंकित यांनी जन्मल्याबरोबर तपासलं तेव्हा दोन्ही वृषणं जागेवर, मऊ, व्यवस्थित होती. आज आईनं ओलं फडकं बदलताना पाहिलं तर उजवी बाजू सुजलेली, काळसर लाल. बोट लावलं की पोरगं कळवळून रडत होतं. सकाळपासून त्यानं आईच्या छातीला तोंडही लावलं नव्हतं.

वृषण ज्या दोरीला लटकलेलं असतं त्या दोरीतूनच त्याला रक्त येतं. टॉर्शन म्हणजे ती दोरी पीळ खाते, रक्त अडतं, आणि काही तासांत वृषण मरतं. मोठ्या मुलांत ते आपल्या आवरणाच्या आत फिरतं. नवजात बाळात मात्र ते आवरणच आजूबाजूला अजून नीट चिकटलेलं नसतं, त्यामुळे आवरणासकट सगळंच्या सगळं गरकन फिरू शकतं. रामटेके सरांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

“प्रियंका, अशी बहुतेक पोटातच फिरलेली असतात ना? जन्मतःच मेलेली. मग घाई कशाची? बाळ महिना-दीड महिन्याचं होऊ दे. एका दिवसाच्या फुप्फुसांना भूल द्यायची म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.”

“वो जो जन्म से पत्थर होती हैं, उनमें, सर.” ती भिंतीला टेकली. “हे काल मऊ होतं. अंकितनं स्वतः पाहिलंय. म्हणजे पीळ जन्मानंतर बसलाय.”

“सोनोग्राफी?”

“आत्ताच केली. उजवीकडे रक्त नाही. डावीकडे आहे.”

“मग उजवी वाचेल असं वाटतं तुला?”

“नहीं, सर. बहुतेक नाही वाचणार. पण दुसरी बाजूही तशीच सैल आहे. ती फिरली तर या पोराकडे काहीच उरणार नाही. जन्मभर हार्मोनची इंजेक्शनं. उजवीची थोडी आशा आहे, पण डावी मला बांधून टाकायची आहे. आजच. नागपूरला पाठवलं तर रस्त्यातच सगळं संपेल.”

सरांनी आयुष्यात पुष्कळ सर्जन पाहिले होते. ‘दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणून गळ घालणारे पाहिले होते, ‘काही होत नाही हो’ म्हणणारे पाहिले होते. ज्या गोष्टीसाठी टेबल मागतेय ती गोष्ट बहुधा हाती लागणार नाही, असं आधीच सांगून टेबल मागणारी ही पहिलीच. त्यांनी टॉवेलानं हात पुसले. जेवण आता लांबलं, हे त्यांना कळलं होतं.

“मी त्याला झोपवणार नाही,” ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

“पुरतं ऐक. झोपवणार नाही, जागाच ठेवतो. पाठीत सुई देतो. कंबरेखालचं बधिर, छाती मोकळी, श्वास त्याचा त्याचा. नागपुरात असताना दिल्यात मी इतक्या लहानांना. पण एक लक्षात ठेव. मोठ्या माणसात हे औषध दोन-तीन तास टिकतं, एवढ्याशा बाळात तासभर टिकलं तरी नशीब. दोन्ही बाजू त्यातच उरकाव्या लागतील.”

“मधोमध एकच चीर घेते. दोन्ही तिथूनच दिसतील,” ती म्हणाली. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

मग राहिला घरच्यांचा प्रश्न.

बाळाची आजी गोदाबाई राजेगावची. सुनेच्या खाटेशेजारी बाळ मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणी जवळ आलं की पदर त्याच्यावर ओढत होती. बाळाचा बाप रजत उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला. तो पाळीवर खाली उतरलेला, फोन लागत नव्हता. निरोप गेला होता, पण तो वर येणार, बैहरवरून येणारी गाडी धरणार, म्हणजे दिवस कलणार. खाटेवर सून पौर्णिमा, पहिलटकरीण, ओठ सुकलेले.

प्रियंकानं हिंदीत समजावायला सुरुवात केली. ‘अंडकोष’ हा शब्द ऐकल्याबरोबर गोदाबाईनं मान खाली घातली ती वरच करेना. परक्या पोरीच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. रामटेके सरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

“बाई, तुमच्या नातवाची गोटी फिरली हाय. जिले लटकते त्या दोरीले पीळ बसला. रक्त जाऊन नाही राह्यलं तिच्यात.”

गोदाबाईनं आता वर पाहिलं. “शेक देतो नं मी. एरंडाचं पान गरम करून बांधतो. आमच्याकडं सूज आली की तेच करतेत.”

“सुजेचं ठीक हाय. पानानं पीळ उलटा कसा फिरंल?”

“काल आला त जीव, अन् आज त्याले कापता? बापाले येऊ द्या. त्याच्याबिगर मी काही हौ म्हणत नाही.”

पौर्णिमा इतका वेळ ऐकत होती. तिनं सरांना सोडून थेट प्रियंकाला विचारलं, “ते वाचंल का? जे सुजलं ते?”

प्रश्न मराठीत आला होता. प्रियंकानं उत्तरही मराठीतच द्यायचं ठरवलं, आणि एकेक शब्द चाचपत पुढे गेली.

“बहुतेक नाही. मी तुला खोटं नाही सांगणार. जे सुजलं आहे ते बहुतेक गेलं. मी बघेन, प्रयत्न करेन. पण दुसरी बाजू मला वाचवायची आहे.”

“दुसरी त बरी हाय.”

“आज बरी दिसते. उद्याचं मले माहीत नाही.”

ते ‘मले’ तिच्या तोंडून आपसूक निघालं. सरांनी ते ऐकलं. पौर्णिमानंही ऐकलं असावं, कारण तिनं एकदा त्या डॉक्टरणीकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं, जशी बाई दुसऱ्या बाईकडे विश्वास टाकण्यापूर्वी पाहते.

“न्या,” ती म्हणाली.

“अवं, रजतले इचारल्याबिगर?” गोदाबाईचा आवाज चढला.

“आई, हे खाणीच्या बुडाशी हायेत. ते वर येईपर्यंत ह्याचं दुखणं थांबणार हाय का? मी माय हावो त्याची. मी सांगून राह्यलो, न्या.”

एक दिवसाची बाळंतीण, टाके ओले, आणि सासूसमोर असं बोलली. मग गोदाबाईनं स्वतःच पदर बाजूला केला, बाळ उचललं आणि प्रियंकाच्या हातात दिलं.

ऑपरेशन थिएटरचा एसी सरांनी बंद करायला लावला. बाहेर ऊन होतं, आत थोड्याच वेळात सगळ्यांच्या पाठी भिजल्या, पण बाळ गार पडता कामा नये. कमला सिस्टरनं त्याच्या डोक्यावर कापसाची टोपी चढवली, हातपाय कापसात गुंडाळले आणि त्याला टेबलावर बसतं धरलं, पाठ वाकलेली, मान मात्र सरळ. मान वाकली तर श्वास अडतो, हे तिला सांगावं लागलं नाही. ती सरांबरोबर सरकारी दवाखान्यातही होती.

सरांनी कंबरेच्या खालच्या मणक्यांवरून बोट फिरवलं. मोठ्या माणसात जी जागा अंगठ्याएवढी लागते ती इथे तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी चष्मा नाकावर सारला, श्वास सोडला आणि सुई घातली. बाळ किंचाळलं. सुईच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब डोकावला. सरांनी हळूच औषध दिलं.

“आता कोणीही त्याचे पाय वर उचलायचे नाहीत,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पाठीखाली काही लावायचं असेल तर त्याला कुशीवर वळवा. पाय उचलले की औषध छातीकडे चढतं.”

मघापर्यंत हवेत लाथा मारणारे दोन पाय बघता बघता थंडावले. कापसासारखे पडून राहिले. कमलानं साखरेच्या पाण्यात बुडवलेला गॉजचा बोळा त्याच्या ओठांशी धरला. दोन थेंबांतच ते चुटूचुटू चोखू लागलं आणि दिव्याकडे बघत राहिलं. सरांचं बोट त्यानं मुठीत पकडलं. एका हाताचं बोट असं अडकलेलं, दुसरा हात त्याच्या छातीवर, डोळे मॉनिटरवर, असे सर त्याच्या उशाशी उभे राहिले.

प्रियंकानं वृषणांच्या पिशवीच्या मधोमध जी रेघ असते तिच्यावरच चीर घेतली. तिचे हात मोठे नव्हते, पण त्या कामात तेही मोठे वाटत होते. उजवी बाजू तिनं बाहेर घेतली तेव्हा कमलाच्या तोंडून ‘अगं माय’ निघून गेलं. पिकल्या जांभळासारखं काळं वृषण, आणि वरच्या दोरीला पिळलेल्या सुतासारखे वेढे. प्रियंकानं ते एकेक करून उलटे सोडवले, कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये वृषण गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं.

“त्याला वेळ देते. तोवर दुसरी.”

सोनोग्राफीनं डावी बाजू बरी म्हटली होती. बाहेरून हात लावून तिनं आणि अंकितनं दोघांनीही बरी म्हटली होती. आता आत जाऊन दोन-तीन टाक्यांनी ती बांधायची, एवढंच. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. वेळ पुरेसा होता.

मग प्रियंकाचे हात थांबले.

ते थांबणं सरांना लगेच कळलं. वर्षानुवर्षं ते सर्जनच्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते.

“काय झालं?”

“सर,” ती अगदी हळू म्हणाली, “ये भी.”

सरांनी बाळाच्या मुठीतलं बोट न सोडता मान पुढे काढली. डावीकडची दोरीही फिरली होती. पुरता वेढा नव्हता, अर्धाच, पण वृषणावर निळसर छटा चढली होती. बाहेर सूज नव्हती, लाली नव्हती, दुखणं नव्हतं. रक्त अजून कसंबसं जात होतं म्हणून सोनोग्राफीला दिसलं. आणखी थोडं फिरलं असतं तर तेही बंद झालं असतं, आणि उजवीच्या दुखण्यात डावीचं रडणं कोणाला वेगळं ओळखू आलं असतं?

थांबा म्हणणारे आपणच होतो, हे सरांच्या मनात आलं. पण त्या विचाराला आत्ता जागा नव्हती.

प्रियंकानं दोन बोटांनी दोरी उलटी फिरवली. कोमट पाणी सोडलं. बाळ चोखत होतं तेवढाच आवाज. मग कडेनं निळेपणा विरायला लागला. आधी एक कोपरा, मग थोडं आत, आणि पाहता पाहता सगळं फिकट गुलाबी झालं, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या तळव्यासारखं. प्रियंकानं डोळे एकदा घट्ट मिटून उघडले. मग केसासारख्या बारीक दोऱ्यानं तिनं ते पिशवीच्या भिंतीला बांधायला घेतलं, पुन्हा कधी फिरू नये असं, वेगवेगळ्या ठिकाणी.

तेव्हाच सरांना बाळाच्या उजव्या पायाचा अंगठा हललेला दिसला.

“प्रियंका, औषध उतरायला लागलंय.”

“जी, सर.”

एवढंच म्हणाली. त्यांना वाटलं होतं, हात आता घाईला येईल. भल्याभल्यांचा येतो. टाका ओढला जातो, गाठ सुटते, सिस्टरवर ओरडणं सुरू होतं. तिचा हात होता तसाच चालला. शेवटची गाठ बसवली, तपासली, आणि मगच ती उजवीकडे वळली.

गॉज उघडला. वृषण काळंच होतं. तिनं टोकावर बारीकशी चीर देऊन पाहिलं. लाल रक्त आलं नाही. तिनं पुन्हा गॉज गुंडाळला आणि आणखी थोडं थांबली. सरांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, की आता काही येणार नाही. तरी तिनं ती संधी दिली. मग दुसऱ्यांदा पाहिलं, आणि दोरी बांधून ते काढून टाकलं. तोवर सरांनी चिरेच्या कडा बधिर करायचं औषध तिच्या हातात द्यायला लावलं होतं. शेवटची पट्टी चिकटवताना दोन्ही पाय लाथा मारू लागले आणि पोरगं असं काही ओरडलं की कमला हसायलाच लागली.

सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी खूप शिताफीचे हात पाहिले होते. त्यातले कितीतरी हिच्यापेक्षा वेगानं चालत. पण सगळ्यांनी बरी म्हटलेली बाजू उघडून पाहण्याची जिद्द, आणि गेलेल्या बाजूवरही दोनदा थांबण्याची माया, हे एकाच माणसात त्यांना क्वचितच भेटलं होतं.

“मी तर तुला थांबवत होतो,” ते म्हणाले.

“आप रोकते नहीं, सर, तो मैं इतना सोचती नहीं,” ती मास्क काढत म्हणाली. “और सुई आपने दी. मुझसे तो न होती.”

बाहेर गोदाबाई दाराशीच उभी होती. प्रियंकानं तिला बाजूला नेलं नाही की कुजबुजली नाही. पौर्णिमाच्या खाटेपाशी जाऊन दोघींना एकदमच सांगितलं. उजवी गेली. डावीही फिरलेली निघाली, ती वाचली. जिथे मराठी अडली तिथे सरांनी शब्द दिला.

“लेकरं होतीन का त्याले पुढं?” गोदाबाईनं विचारलं. आता तिची मान खाली नव्हती.

“होतील. एक चांगली असली तर पुरते. मिसरूड फुटेल, आवाज फुटेल, सगळं होईल.”

पौर्णिमा रडली. गेलेल्यासाठी की राहिलेल्यासाठी, तिलाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं कमलानं बाळ आणून तिच्या कुशीत दिलं, आणि सकाळपासून उपाशी पोरानं असा हल्ला चढवला की तिला रडता रडता ‘आई गं’ म्हणावं लागलं.

रजत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. कपड्यांवर, भुवयांवर खाणीची काळी धूळ तशीच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं, “मॅडम, मेरे आने तक रुकते तो?”

“दुसरी भी शायद चली जाती.”

तो हात जोडून वाकायला लागला तशी प्रियंका मागे सरकली. “फडकं यांनी बदललं, यांनी बघितलं, आणि हो पण यांनीच म्हटलं,” ती पौर्णिमाकडे हात करून म्हणाली. रजत बायकोकडे बघतच राहिला. मग तो तिच्या उशाशी जमिनीवर बसला.

काही आठवड्यांनी ते तपासणीला आले. बाळाचे गाल आता वर आले होते. सोनोग्राफीत डावं वृषण वाढलेलं, रक्त खळाळतं. प्रियंका हातानं तपासत होती तेवढ्यात त्यानं तिच्या कोटावर धार सोडली. गोदाबाई ओशाळली, प्रियंकाला मात्र आनंद झाला. “प्रेशर अच्छा है,” ती सरांना म्हणाली. सर त्या दिवशी दुसऱ्याच कामाला आले होते, पण बाळ आलंय म्हटल्यावर डोकावले होते.

निघता निघता गोदाबाईनं सरांना हळूच बाजूला घेतलं. “डॉक्टरसाहेब, एक इनंती हाय. हे गावात कोणाले कळू नये. उद्या लग्नाचं होईन, पोरीवाले नावं ठेवतीन. आमी त्यालेबी सांगणार नाही.”

प्रियंकानं ते ऐकलं. तिनं सरांकडे पाहिलं, त्यांनी समजावावं म्हणून. सरांनी नकारार्थी मान हलवली. “तूच सांग. तुझंच ऐकतील.”

तिनं कोट पुसायचं थांबवलं. “आजी, गावाला नका सांगू. पण याला सांगायचं. सात-आठ वर्षांचा झाला की. याच्याकडे एकच आहे. तिथे मार लागला, दुखलं, तर यानं लाजून गप्प नाही बसायचं. त्याच घडीला तुमच्याकडं यायचं, तुम्ही माझ्याकडं. माहीत असेल तरच येईल ना?”

पौर्णिमा बाळाला टोपडं बांधत होती. ती सासूकडे न बघता म्हणाली, “मी सांगन त्याले. लपवून काय चोरी केली का त्यानं?”

“तू काय सांगशीन,” गोदाबाई म्हणाली. “तू सांगायले बसली की रडशीन. मीच सांगतो. हसतखेळत सांगतो, त्याले भेव नाही वाटणार.” मग प्रियंकाकडे वळून, “पण तवापर्यंत तू इथंच राह्यजो, बाई. जबलपूरले पळून नको जाजो.”

“कुठं नाही जात, आजी.”

“हौ, असं बोल,” गोदाबाई म्हणाली, आणि नातवाला खांद्यावर टाकून राजेगावची गाडी धरायला निघाली.